मरायला टेकलात तरच फोन करा

त्या मंगळवारी पास झाला असता, तर जमदग्नीच्या पदरात चार गोष्टी पडणार होत्या: गाडी चालवायचा परवाना, कंपनीची व्हॅन, पर्यवेक्षकाची जागा, आणि ऑफिसातल्या एका सदा हसऱ्या सहकाऱ्याचं उतरलेलं तोंड. या सहकाऱ्याला जमदग्नी घरात गोडबोल्या म्हणे. चारांतली ही शेवटची प्राप्ती त्याच्या लेखी पहिल्या तिन्हींपेक्षा जड होती. नापास झाला असता, तर गुरुवारी पर्यवेक्षकाची जागा गोडबोल्याला गेली असती, आणि वर त्याने हसून ‘वाईट वाटलं हं’ म्हटलं असतं. ते ‘हं’ जमदग्नीला आत्तापासूनच ऐकू येत होतं.

जमदग्नी हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते या परक्या शहरातल्या मराठी मंडळींनी ठेवलेलं, आणि फक्त पाठीमागे वापरायचं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं आणि काढता काढता त्यांना झापायचं, हा त्याचा नऊ वर्षांचा शिरस्ता. शहराला त्याचं काही वाटत नसे, कारण झापणं मराठीत चाले. पण परवाना नसल्यामुळे व्हॅन मिळत नव्हती, व्हॅन चालवता येत नसल्यामुळे पर्यवेक्षक होता येत नव्हतं, आणि अवजारांची पिशवी खांद्याला मारून बसने हिंडावं लागत होतं.

परीक्षेत तो तीनदा आपटला होता. पहिल्या वेळी सिग्नलला मागच्याने हॉर्न दिला, म्हणून हा उतरून ‘काय म्हणणं आहे?’ असं विचारायला गेला. दुसऱ्या वेळी परीक्षकाने वेग कमी करायला सांगितलं, तेव्हा ‘मग तुम्हीच चालवा’ म्हणून याने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून घेतले. तिसऱ्या वेळी बायकोच्या सल्ल्यावरून तोंडाला कुलूप लावून गेला आणि सगळा राग गिळला. गिळलेला राग कुठे जातो हे डॉक्टरांना ठाऊक नसेल, पण परीक्षकाला कळलं. तो उजव्या पायात उतरतो. गाडी मागे घेताना कचऱ्याचे दोन डबे आडवे झाले. आता चौथ्यांदा नापास झालं, की नियमाप्रमाणे सगळं पुन्हा अ-आ-ई पासून.

“आज कोणाशीही भांडायचं नाही,” सकाळी बायको म्हणाली.

“मी कधी भांडतो?”

“हे आत्ता विचारलंत ना, त्याला भांडण म्हणतात.”

“आणि कोणी आपणहून अंगावर आलं तर?”

“तर हसायचं.”

“मला हसता येत नाही.”

“माहितीये. लग्नाचे फोटो आहेत घरात.”

बायको दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर परक्यांचे जबडे हाताळायची सवय असल्यामुळे नवऱ्याच्या जबड्याची तिला भीती उरली नव्हती. तिने त्याच्याकडून ‘आज एक वाकडा शब्द नाही’ असं कबूल करून घेतलं आणि मगच त्याला दाराबाहेर सोडलं.

परीक्षा साडेअकराला होती. त्याआधी साडेनऊपासून सराव, म्हणून गाडी शिकवणाऱ्या मास्तरीणबाई गाडी घेऊन कोपऱ्यावर आल्या. त्या तिथल्याच, साठीच्या, शिस्तीच्या. छपरावर शिकाऊ गाडीची पाटी, आणि मागच्या सीटवर नातवासाठी बसवलेली लहान मुलाची खुर्ची. जमदग्नीने पट्टा बांधला, आरसा नीट केला, आणि फोन वाजला.

फोन पहिल्या घंटेला उचलायची त्याला सवय होती. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस दुसऱ्या घंटेपर्यंत धीर धरत नाही.

“मी शाळेतून बोलतेय,” पलीकडून तिथल्या भाषेत एक बाई म्हणाल्या. मग त्यांनी एका सहा वर्षांच्या मुलीचं नाव घेतलं. “तिला उलटी झाली आहे. ताबडतोब घरी न्यायला या.”

“तुमचा नंबर चुकला. मला मुलगी नाही.”

“चुकला नाही. ‘अडीअडचणीला कोणाला कळवावे’ या रकान्यात तुमचं नाव आहे. नातं लिहिलंय, ‘घरच्यासारखे’.”

मुलीचं आडनाव जमदग्नीच्या डोक्यात आत्ता पेटलं. ही तर टिकली! मराठी मंडळाच्या चिटणीसबाईंची लेक! आणि चिटणीसबाईंशी दोन वर्षांत त्याचा एक शब्दही झाला नव्हता. शेवटचे जे झाले होते ते छापण्याजोगे नव्हते.

“हा काय चावटपणा आहे!” एवढं मराठीत सुटलं, तोच बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्याने उरलेलं वाक्य गिळलं. “मुलीच्या आईला फोन करा.”

“उचलत नाहीत. वडील बोटीवर आहेत. मुलगी ऑफिसबाहेर बाकावर बसली आहे.”

मास्तरीणबाईंनी तेवढंच ऐकलं. “मूल आजारी आहे?”

“आहे. पण माझं नाही.”

“सरावाला गाडी कुठेतरी चालवायचीच आहे. शाळेकडे चालवा.”

जमदग्नी शाळेकडे निघाला. तोंड बंद, जबडा आवळलेला. पहिल्याच चौकात गाडी दोनदा बंद पडली, आणि तिसऱ्यांदा अशी उसळली की मास्तरीणबाईंना स्वतःच्या बाजूचा ब्रेक दाबावा लागला.

टिकली बाकावर हातात प्लास्टिकची पिशवी धरून बसली होती. जमदग्नीने ओळखपत्र दाखवलं, सही केली, आणि तिला खुर्चीत बांधलं.

“काका, तुम्ही लिफ्टवाले रागीट काका ना?”

“कोण म्हणतं?”

“आई. आई म्हणते, ते रागीट आहेत पण फोन उचलतात.”

जमदग्नी हसला. म्हणजे त्याने दात दाखवले. टिकलीने ते पाहिलं आणि पिशवीत तोंड घातलं.

चिटणीसबाई शस्त्रक्रियेची हत्यारं पॅक करायच्या कारखान्यात कामाला होत्या. तिथे फोन बाहेर कपाटात ठेवावा लागे. कारखान्याकडे वळायचं तेवढ्यात दुसरा फोन आला. मास्तरीणबाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली.

“डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतोय. तुमच्या माणसाच्या डोळ्यांत औषध घातलंय. चार तास त्यांना दिसणार नाही. सोबत असल्याशिवाय सोडता येत नाही.”

“माझा कोणता माणूस?”

“एक वृद्ध गृहस्थ. ते इथल्या भिंतीवरच्या चित्राला नावं ठेवतायत.”

हे म्हणजे ड्रॉइंग मास्तर. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलेले, मंडळाच्या प्रत्येक फलकावरची अक्षरं वाकडी आहेत असं मंडळाच्या प्रत्येक सभेत सांगणारे. जमदग्नीने त्यांना आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा तो चिडून निघून गेला होता. आता त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण तो बोलला नाही. गाडी फुटपाथवर चढली आणि उतरली.

मास्तर गॉगल लावून, दोन्ही हात पुढे धरून बाहेर आले. “आलास का रे? उशीर केलास.”

“मास्तर, माझं नाव तुम्हाला कोणी दिलं?”

“देतंय कोण? सगळेच लिहितात, मीही लिहिलं. मुलाचं लिहिलं तर चालत नाही. घरातला नको म्हणतात. गावाकडचा नको, नंबर इथला हवा. वर पाच वर्षं इथे राहिलेला हवा. मग उरतंय कोण? आणि तू एकटाच असा आहेस, की फोन उचलतोस. बाकीचे सगळे मीटिंगमध्ये असतात.” मास्तर मागे टिकलीच्या शेजारी बसले. “ही कोण? उलटीचा वास येतोय. चल, घे गाडी. आणि रेषा सरळ ठेव. मघाशी चाक ओढलंस ते मला आवाजावरून कळलं.”

“तुम्हाला आत्ता काही दिसत नाहीये!”

“रेषा दिसावी लागत नाही. हातात असावी लागते.”

जमदग्नीने हेही गिळलं. आता आत जागा उरली नव्हती. कारखान्यापर्यंतच्या दहा मिनिटांत त्याने एका सायकलवाल्याला घाम फोडला, एका वळणावर वायपर चालू केले, आणि मास्तरीणबाईंनी वहीत काहीतरी लिहून वही मिटून टाकली. घड्याळात साडेदहा होत होते. “आज परीक्षेला जाऊ नका,” असं म्हणायची त्या तयारी करत होत्या, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

चहाच्या सुट्टीत चिटणीसबाईंनी कपाटातून फोन काढला, सतरा मिस्ड कॉल पाहिले, रजा टाकली आणि धावत फाटकाबाहेर आल्या. समोर छपरावर पाटी असलेली गाडी. आत लेक, लेकीशेजारी गॉगलवाले मास्तर, आणि स्टिअरिंगवर जमदग्नी.

“शिकाऊ गाडीत घातलंत माझ्या मुलीला?” हे दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. “परवाना तरी आहे का तुम्हाला?”

आणि झाकण उडालं.

“परवाना? परवाना आज मिळणार होता! साडेअकराला! तुम्ही मिळू द्याल तर ना! कोणाला विचारून माझं नाव लिहिलंत? घरच्यासारखे! कोणाच्या घरचा मी?”

“ओरडू नका. तुम्हीच लिहिलं होतंत.”

“मी? काय लिहिलं होतं?”

“मंडळाचा ग्रुप सोडताना! वाचून दाखवू? अजून ठेवलाय मेसेज.” चिटणीसबाई टिकलीच्या पलीकडे आत शिरल्या, दार लावलं आणि फोन डोळ्यांपुढे धरला. “‘यापुढे माझा तुमच्यापैकी कोणाशीही संबंध नाही. आता मरायला टेकलात तरच मला फोन करा.’ खाली तुमचा नंबर. ठसठशीत.”

“ते रागाने लिहिलं होतं!”

“नंबरही रागाने लिहिला होतात? आम्ही काय समजायचं? इथे कोणी कोणाला ‘चहाला या’ म्हणतं, कोणी ‘फोन करत जा’ म्हणतं, आणि करावा तर कोणी उचलत नाही. मरायला टेकल्यावर फोन करा असं सांगणारा माणूस या शहरात एकच भेटला. पाच घरांनी लिहिलंय तुमचं नाव!”

“पाच!”

“मला माहीत असलेली पाच.”

“गाडी चालवा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “इथे थांबायला मनाई आहे.”

जमदग्नीने गाडी काढली आणि तोंड सुरू ठेवलं. पाच घरांचा उद्धार झाला, मंडळाचा झाला, मग चिटणीसबाईंनी मूळ भांडणाला हात घातला. दोन वर्षांपूर्वी मंडळाचं स्नेहसंमेलन तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होतं. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये नऊ जण आणि एक पेटी शिरली, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बसली. आत चिटणीसबाईही होत्या. बाहेरून जमदग्नीने त्यांना सोडवलं, पण पाऊण तासाने. तो पाऊण तास तो दाराच्या फटीतून आतल्यांना झापत होता. बाहेर पडल्यावर चिटणीसबाईंनी माइक हातात घेऊन त्याचे आभार मानले ते असे, की त्याने त्याच रात्री ग्रुप सोडला.

“पाच मिनिटांचं काम होतं! चाळीस मिनिटं तुम्ही नुसते ओरडत होतात!”

“लिफ्टमध्ये पाटी असते! सहा माणसं! पाटी काय शोभेला लावतात?”

मास्तरीणबाईंनी हळूच वही पुन्हा उघडली. गाडीने एक मोठा गोल चौक पार केला होता, दोन सिग्नल अचूक घेतले होते, एका म्हातारीला रस्ता दिला होता, आणि तेही सगळं आवाज टिपेला असताना. त्यांनी मुद्दाम एका अरुंद फटीकडे बोट दाखवलं. “मागे घेऊन लावा.” जमदग्नीने “नऊ माणसं आणि वर पेटी!” असं गरजत गाडी दोन गाड्यांच्या मध्ये अशी सरकवली, जणू पेटीवर झाकण बसवलं.

मास्तरीणबाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण एकतीस वर्षं त्या माणसांचे पाय बघत आल्या होत्या. गाडी थांबली तशा त्या चिटणीसबाईंकडे वळल्या. “बाई, तुम्ही यांच्या नातेवाईक आहात?”

“देव करो आणि तसं न होवो.”

“छान. मग चालेल. अर्जात एक रकाना आहे. भाषेची अडचण असेल तर उमेदवाराला मागे एक दुभाष्या बसवता येतो. फक्त नातेवाईक नको. तुम्ही बसा.”

“मी? यांच्यासाठी?”

“मला नको आहेत त्या!” जमदग्नी ओरडला.

“हे बघा,” मास्तरीणबाई बोटं मोजत म्हणाल्या, “गप्प असलात की तुम्ही माणसं मारता. या बोलल्या की तुम्ही चालक होता. मला कारण माहीत नाही. माहीत करूनही घ्यायचं नाही.”

चिटणीसबाईंनी लेकीकडे पाहिलं. टिकली मास्तरांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, आणि अंगावर जमदग्नीचा कोट होता. “बसते,” त्या म्हणाल्या. “पण बोलायचं राहिलंय ते बोलणार.”

परीक्षक उंच आणि मितभाषी होता. गेल्या तिन्ही वेळचा तोच. अर्जातला रकाना पाहून त्याच्या भुवया वर गेल्या. “दुभाष्या? दुसऱ्या खेपेला हे माझ्याशी इथल्याच भाषेत भांडले होते.”

“भांडण्यापुरती येते,” मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मास्तर व टिकलीला घेऊन प्रतीक्षालयात गेल्या.

गाडी निघाली.

“पुढच्या चौकात डावीकडे,” परीक्षक म्हणाला.

“डावीकडे,” मागून चिटणीसबाई म्हणाल्या. “आणि पेटीवाल्यांना तुम्ही फटीतून ‘पेटी सोडा, पोट आत घ्या’ म्हणालात, ते शोभलं का?”

“मग काय म्हणायचं होतं?” आरसा, सिग्नल, खांद्यावरून नजर. “पोट बाहेर काढा म्हणायचं होतं? श्वास घ्यायला जागा नव्हती आत!”

“काय म्हणतायत ते?” परीक्षकाने विचारलं.

“डावीकडे वळायचं, हे त्यांना समजलं म्हणतात.”

“एवढं लांब?”

“आमची भाषा जुनी आहे.”

परीक्षकाने काहीतरी टिपलं. “शाळेसमोरून. वेग कमी.”

“शाळा आहे, हळू. आणि मला ‘बाई, रडून हवा संपवू नका’ म्हणालात! पन्नास माणसांसमोर!”

“मग रडत का होतात?” काटा बरोबर खाली आला. “रडलं की दुसरा रडतो, दुसरा रडला की तिसरा दारावर लाथा घालतो. दारावर लाथा घातल्या की काय होतं माहितीये? नाही ना? तुम्ही नुसत्या माइक धरायला शिकलात!”

“पाऊण तास का लावलात ते सांगा आधी!”

“दांडी नव्हती म्हणून!” जमदग्नी गरजला. “लिफ्ट हाताने खाली घ्यायची दांडी! वरच्या खोलीत असायला हवी, ती नव्हती. माझी बायको घरून बसने घेऊन आली. बस मी लवकर आणायची होती का?”

“मग तोवर ओरडत का होतात?”

“ते ओरडणं नव्हतं, कामाचा भाग होता तो! अडकलेला माणूस चिडला की घाबरायचा थांबतो. नऊ वर्षं हेच करतोय मी. तुम्ही नऊच्या नऊ पाऊण तास मला शिव्या घालत होतात. एक तरी चक्कर येऊन पडला का?”

चिटणीसबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं.

“आता गाडी मागे घेऊन त्या दोन गाड्यांच्या मध्ये लावा,” परीक्षक म्हणाला.

भाषांतर विसरून चिटणीसबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांना लिफ्टमधला तो अंधार आठवत होता, आणि आपण त्या अंधारात फक्त चिडलेलो होतो हेही आठवत होतं. “मला हे माहीत नव्हतं हो,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “मी माइकवरून फार बोलले. चुकलं माझं.”

आणि गाडी उसळली.

माफीला काय उत्तर द्यायचं हे जमदग्नीला कोणी शिकवलेलं नव्हतं. जबडा बंद झाला, आणि उजवा पाय जड व्हायला लागला. मागच्या गाडीचा दिवा आरशात मोठा होत चालला. परीक्षकाचं पेन कागदावर टेकलं. चिटणीसबाईंनी आरशात जमदग्नीचा चेहरा पाहिला, आणि अक्षरशः एका क्षणात मंडळाच्या बारा सभा चालवलेल्या बाईला काय करायचं ते कळलं.

“बरं, ते जाऊ दे,” त्या कडाडल्या. “तुमच्या कंपनीतले ते हसरे गृहस्थ आले होते आमच्या इमारतीत. दहा मिनिटांत लिफ्ट चालू! आणि काय गोड बोलतात! खरं तर पर्यवेक्षक त्यांनाच करायला हवं.”

“त्याला?” जमदग्नीचा आवाज छपराला लागला. “त्या गोडबोल्याला? अहो, त्याने दुरुस्त केलेली लिफ्ट पंधरा दिवसांनी मीच जाऊन पुन्हा उघडतो! तो नट हसून आवळतो, पान्याने नाही!”

वाक्य संपलं तेव्हा गाडी दोन गाड्यांच्या मध्ये उभी होती. फुटपाथपासूनचं अंतर टेपाने मोजल्यासारखं.

प्रतीक्षालयात परीक्षकाने निकाल वाचून दाखवला. “उत्तीर्ण.”

मास्तर न दिसणाऱ्या दिशेला टाळ्या वाजवायला लागले. जमदग्नी कागद घ्यायला पुढे झाला.

“थांबा. अट आहे.” परीक्षकाने बोट ठेवलं. “ज्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, त्याच्या परवान्यावर आम्ही ‘चष्म्यासह’ असं लिहितो. तुम्ही दुभाष्यासह उत्तम चालवता. दुभाष्याशिवाय कसे चालवता, त्याचे तीन अहवाल माझ्याकडे आहेत. म्हणून, सहा महिने, दुभाष्यासह. नातेवाईक चालणार नाही.”

“हा काय मूर्खपणा आहे!” जमदग्नी मराठीत म्हणाला.

“आभारी आहे म्हणतात,” चिटणीसबाईंनी भाषांतर केलं.

गुरुवारी जागा जमदग्नीला मिळाली. गोडबोल्याचं तोंड उतरलं का? उतरलं, पण क्षणभर. व्हॅनच्या मागच्या सीटवर रोज एक मराठी माणूस बसवल्याशिवाय या नव्या साहेबांना फाटकाबाहेर पडता येत नाही, हे कळल्यावर तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

मागे बसणार कोण? चिटणीसबाईंनी एका संध्याकाळी पाचही घरं बसवली. ज्यांनी या माणसाचं नाव रकान्यात लिहिलं, त्यांनी आठवड्यातून एक दिवस त्याच्या मागे बसायचं. कुणी हूं की चूं केलं नाही, कारण बाईंनी त्यांना विचारलंच नव्हतं. सोमवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून सोमवार स्वतः बाईंचा. मंगळवारी मास्तर. ते शहरातल्या प्रत्येक लिफ्टचं दार ओळंब्यात आहे की नाही ते सांगत. बुधवारी बेकरीत रात्रपाळी करणारा एक जण. तो पट्टा बांधला की झोपायचा. दुभाष्या जागा असावा असं अटीत कुठे लिहिलं नव्हतं, पण त्याच्या घोरण्यावरसुद्धा जमदग्नीला पुरेसा राग येई. गुरुवारी पीएचडी करणारी एक मुलगी. तिला जमदग्नीचं कुठलंच मत पटत नसे, त्यामुळे गुरुवारी व्हॅन सर्वात छान चालायची. शुक्रवारी, सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या एका सासूबाई. त्यांना तिथल्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. एकदा वाहतूक पोलिसाने अडवून ‘दुभाष्या कोण?’ म्हणून विचारलं, तेव्हा सासूबाईंनी त्याला मराठीत त्याचं लग्न झालंय का ते विचारलं. पोलिसाने सलाम करून सोडलं.

सहा महिने हे चाललं. रोज दिवसभर भांडण, आणि गाडीला एक ओरखडा नाही. जमदग्नी पाचही जणांना तोंडावर सांगायचा, की तुमच्याइतकी वैतागवाणी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत, आणि उद्या सकाळी साडेसातला कोपऱ्यावर उभे राहा, एक मिनिट उशीर चालणार नाही.

सातव्या महिन्यात बायको कपाट आवरत होती. जमदग्नीच्या मोज्यांच्या खणात, कागदाखाली, परवाना कार्यालयाचं पत्र तिला सापडलं. तीन आठवड्यांपूर्वीचं. अट रद्द करण्यात आली आहे, आता एकट्याने वाहन चालवण्यास हरकत नाही. तेवढ्यात आतून आवाज आला. नवरा फोनवर होता.

“कोणाची पाळी म्हणजे? उद्या मंगळवार ना, मास्तर? मग तुमचीच! कंबर दुखतेय? सीटवर उशी ठेवलीय, निमित्त नकोय! कायदा आहे, मी केलेला नाही!”

बायकोने पत्र होतं तसं कागदाखाली सरकवलं आणि वर मोजे नीट रचून ठेवले. सहा महिन्यांत हा माणूस घरी यायचा तो सगळं बोलून झालेला, मऊ आवाजाचा, भाजीत मीठ कमी असलं तरी जेवून उठणारा. अशी चैन तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली होती.

तेव्हा जमाखर्च असा. परवाना, व्हॅन आणि जागा जमदग्नीला. शांतता त्याच्या बायकोला. आणि भरणा पाच घरांचा, आठवड्यातून एक दिवस प्रत्येकी. त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही.